पिकलबॉल: चेंडूला जमेल तोच नियम

पिकलबॉलचा चेंडू हातात घेतला की वाटतं, याला मारून मारून किती मारणार? वजन 22 ते 26 ग्रॅम, अंगभर भोकं. टेनिसचा चेंडू याच्या दुपटीहून जड आणि वर आकाराने लहान. त्यामुळे ताशी 70 किलोमीटर वेगाने सुटलेल्या पिकलबॉलला होणारा हवेचा विरोध त्याच्या स्वतःच्या वजनालाही मागे टाकतो. तुम्ही जीव खाऊन फटका मारा, पलीकडे पोचेपर्यंत जोर ओसरलेला असतो.

उसळीचंही तेच. 78 इंचांवरून कठीण फरशीवर सोडलेला चेंडू 30 ते 34 इंचच वर यावा, असं प्रमाण आहे. म्हणजे जमिनीवर आपटताना निम्म्याहून जास्त ऊर्जा खर्च झाली. टेनिसचा चेंडू निम्म्याहून थोडी अधिक राखून ठेवतो.

1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि मित्रांनी बॅडमिंटनच्या कोर्टावर हा खेळ सुरू केला, तेव्हा जाळं 5 फुटांवर होतं. चेंडू डांबरी जमिनीवर बरा उडतोय, हे पाहून ते 3 फुटांवर आणलं. आज ते कडेला 36 आणि मध्ये 34 इंच असतं. कोर्ट मात्र बॅडमिंटनच्या दुहेरीचंच राहिलं, 44 बाय 20 फूट. मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी हा खेळ कॅनडात पाहिला आणि भारतात आणला. 2008 मध्ये त्याची अखिल भारतीय संघटना उभी राहिली.

जाळं इतकं खाली आलं की उंच माणूस जाळ्याला चिकटून उभा राहणार आणि येईल तो चेंडू थेट खाली ठोकणार. खेळ तिथेच संपला असता. म्हणून जाळ्यापासून दोन्ही बाजूंना 7 फुटांचा पट्टा राखलाय. सगळे त्याला ‘किचन’ म्हणतात. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. टप्पा पडला की खुशाल आत जा. बाहेरून मारलात आणि झोकात पाय आत पडला, तरी चूक तुमचीच. नवख्यांचे बरेच गुण इथे जातात. सात फूट मागे उभं राहून जाळ्याच्या खाली उतरलेला चेंडू मारायचा, तर आधी वर उचलावाच लागतो. म्हणून ताकदीपेक्षा हळुवार हात इथे जास्त कामाला येतो.

सर्व्हिस कमरेखालून, तिरकी, आणि किचन व त्याची रेघ ओलांडून पडणारी. ती एक टप्पा पडू देऊन परतवायची, परत आलेला चेंडूही सर्व्हिस करणाऱ्यांनी टप्प्यानंतरच घ्यायचा. त्यामुळे त्यांना जाळ्याकडे धावता येत नाही. समोरची जोडी आधी पुढे येऊन बसते. सर्व्हिसची दहशत गेलीच! तरी जुन्या पद्धतीत गुण सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो. डाव 11 गुणांचा, दोनच्या फरकाने. दुहेरीत सुरुवातीला ‘0-0-2’ पुकारतात, कारण पहिल्या जोडीला एकाच खेळाडूची सर्व्हिस मिळते.

हवेचा विरोध गावाप्रमाणेही बदलतो. आपलं छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंच. मे महिन्यात 40 अंशांना इथली हवा मुंबईच्या 30 अंशांच्या हवेपेक्षा साधारण 9 टक्के विरळ भरते. चेंडू थोडा जास्त लांब जातो. प्लास्टिकही तापून मऊ पडतं. उघड्यावर वारा असेल तर 40 बारीक भोकांचा चेंडू घ्यावा, 26 मोठ्या भोकांचा वाऱ्यावर भरकटतो. आणि मुंबईत शिकून आलेल्यांनी इथे दुपारी सर्व्हिस थोडी आखडती मारावी.