हात पोचेल तिथे गाळ

परसातल्या हौदाला फिल्टर बसवताना पहिला प्रश्न विचारावा तो हा: मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला असताना तो साफ कोण करणार? ज्या फिल्टरसाठी गिट्टी उपसावी लागते, तो पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडतो.

अमरावतीतल्या आमच्या परसात 6 फूट लांब, 4 फूट रुंद आणि अडीच फूट खोल सिमेंटचा हौद आहे. सुमारे 1,700 लिटर पाणी, त्यात कमळ, गोल्डफिश आणि डासांच्या अळ्या खाणारे गप्पी. सामान सगळं बाजारातलंच: 200 लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम, कुलरचा पंप, 20 मिलिमीटरची गिट्टी, पक्क्या विटांचे तुकडे आणि कांद्याच्या जाळीदार पिशव्या.

ड्रम हौदाच्या काठावर, विटांच्या ओट्यावर ठेवला. अगदी तळाशी दीड इंची वॉल्व बसवला. त्याच्या थोडं वर पंपाची नळी कडेने तिरकी आत घेतली, म्हणजे पाणी गोल फिरतं आणि जड गाळ खाली बसतो. त्यावर विटांच्या आधाराने जाळी, जाळीवर गिट्टीच्या आणि विटांच्या तुकड्यांच्या पिशव्या. पाणी खालून वर चढतं आणि 2 इंची पाइपमधून दगडावर आदळत हौदात पडतं. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्या नळीपेक्षा मोठाच हवा, नाहीतर ड्रम वरून वाहतो.

दोन तासांत हौदातलं सगळं पाणी एकदा फिरावं, या हिशेबाने ताशी 850 लिटर पुरतात. पण पंपावर छापलेला आकडा उंची न धरता दिलेला असतो. पाणी वर चढवताना तो बराच घटतो. म्हणून जरा मोठाच पंप घेतला.

गाळ अडवणं हे फिल्टरचं अर्धंच काम. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. गिट्टीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते कमळाला खत म्हणून लागतं. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजके आणि खाणं बेताचं ठेवायचं. पिशव्या धुवायच्या त्या हौदाच्याच पाण्यात, तेही एका वेळी एकच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जिवाणूंना मारतं.

उन्हाळ्यात धोका वाढतो. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांच्या पाण्यात जेमतेम 7. त्यामुळे वरून पडणारी धार आणि कमळाच्या पानांची सावली दोन्ही हवीत. वीज बराच वेळ गेली तर ड्रममधल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि ते कुजू लागतं. पंप सुरू करण्याआधी ते खालून सोडून द्यायचं. हौदात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, हा घरातला पक्का नियम.

पूर्णेच्या खोऱ्यात, मूर्तिजापूर-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण असते. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. त्यात पुन्हा बोअरचंच पाणी ओतलं की खारटपणा वाढत जातो. फिल्टर मीठ काढत नाही. तिथे छपरावरचं पावसाचं पाणी साठवून तेच हौदाला द्यावं.

आमच्याकडे दर आठवड्याला वॉल्व उघडला की काळपट पाणी थेट लिंबाच्या आळ्यात जातं. पहिल्यांदा पाहून काकू म्हणाल्या, "एवढंच? हे तं मलेबी जमते!" तेव्हापासून ते काम त्यांनीच घेतलं आहे. नव्याने फिल्टर लावणाऱ्याने आधी गाळ कुठे उतरणार आणि कोणत्या झाडाला जाणार, हे ठरवावं. ड्रमची जागा त्यानंतर.