पाण्यावरचा लांकडी बेडूक

आमच्या घरांत सात पिढ्यांत मासा शिजला नाहीं. तेव्हां मासे धरण्याच्या विद्येवर मीं लेखणी उचलावी, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें १२ व्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त मत्स्यविनोदाचें प्रकरण आहेच. राजास जो विषय वर्ज्य वाटला नाहीं, तो निवृत्त मास्तरास कां वाटावा?

गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत चिरंजीवांकडे राहिलों. बारा वर्षांचा नातू 'बास' नांवाच्या माशाच्या नादीं लागला होता. हा गोड्या पाण्यांतला, मोठ्या जबड्याचा, हिरवट अंगाचा शिकारी मासा. पाण्यावर तरंगणाऱ्या खोट्या भक्ष्यानें त्यास भुलवावयाचें, हा तेथला शोक. याच मिशिगनांतील डोवॉजॅक गांवीं जेम्स हेडन नांवाचे मधमाश्या पाळणारे गृहस्थ होऊन गेले. त्यांनीं सहज तासलेली काटकी तळ्यांत भिरकावली आणि बासनें तिच्यावर झडप घातली, अशी आख्यायिका आहे. तें कसेंही असो. १९ व्या शतकाच्या अखेरीस ते लांकडी बेडूक कोरूं लागले, व त्यांतून पुढें मोठा कारखाना उभा राहिला.

१७ वर्षें पुरीं झालेल्यास तेथें परवाना लागतो. तो काढून मी नातवाचा शिष्य झालों. सूर्योदयापूर्वीं तळ्यावर जावयाचें. त्या वेळीं बास उथळ पाण्यांत, पाणकमळांच्या कडेला भक्ष्य शोधीत असतो. ऊन चढलें कीं तो खोल पाणी किंवा सावली धरितो. आमच्या आमिषाचें तोंड खोलगट होतें. हिसका दिला कीं 'डुबुक्' असा आवाज होई. फेकल्यावर पाण्यावरचीं वर्तुळें विरेपर्यंत त्यास हालवूं नये. मग एक हिसका, आणि पुन्हां स्तब्धता. मासा पुष्कळदां या स्तब्धतेंतच येतो. चाळीस वर्षें मीं मुलांस 'चुळबूळ करूं नका' म्हणून बजाविलें. माझ्याच हातांस तें साधेना.

तिसऱ्या खेपेस पाणी फुटलें! मीं दचकून काठी उचलली, आणि आमिष थेट माझ्या टोपीवर आलें.

"आजोबा, पाणी उडालेलें पाहून ओढायचें नाहीं. दोरीला मासा जड लागला, कीं मग."

घटकाभरानें त्याच्या दोरीस मासा लागला. तोंडाशीं रक्ताचा थेंब पाहून मी म्हणालों, "खावयाचा नाहीं, तर छळावयाचा कशाला?"

नातू कांहीं बोलला नाहीं. त्यानें हात ओले केले, कारण कोरड्या हातानें अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाचा उलटा कांटा त्यानें आधींच चिमट्यानें दाबून सपाट केला होता. मासा सोडल्यावर तो म्हणाला, "वसंतांत मी घरट्यांजवळ जात नाहीं. नर तेथें अंडीं राखतो. त्याला उचललें, तर दुसरे मासे येऊन अंडीं खातात." आणि मग हळूच, "पण दुखत असेल का हो त्याला?"

मजजवळ उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे पाहातों, तों त्यानें आमिषाचे गळच काढून ठेविलेले. मासा झडप घाली, नातू टाळी पिटी, मासा निघून जाई. चिरंजीव म्हणाले, याला मासे धरणें म्हणत नाहींत. मी परत निघालों तेव्हां बापलेकांचा तो वाद चालूच होता.