घरगुती मसाला उद्योगाची मागची खोली

कांदा-लसूण मसाला शेजारणींना आवडतो, भिशीतल्या चौघी पैसे देऊन नेतात, आणि बघता बघता उद्योग उभा राहतो. चव बहुतेकींची जमलेलीच असते. अडतं ते मागच्या खोलीत: मिरची किती आली, तिखट किती झालं, पाकिटं कुठे गेली, पैसे कुणाकडे राहिले. ही घडी माल थोडा असतानाच बसवावी, कारण दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यावर त्यासाठी उसंत मिळत नाही.

सुरुवात वजनकाट्यापासून करावी. समजा, १० किलो बेडगी ३०० रुपये दराने आणली. देठ खुडून, उन्हात वाळवून, कांडून आणि चाळून हाती साडेआठ किलो तिखट आलं. खर्च झाले ३,००० रुपये, म्हणजे तिखट पडलं किलोला सुमारे ३५३ रुपयांना. वहीत मात्र ३०० चाच भाव धरला जातो. अशाने २०० ग्रॅमच्या पाकिटामागे दहा रुपयांहून जास्त रक्कम नुसत्या घटीत जाते आणि वर्षअखेरीला 'विक्री एवढी झाली, मग पैसे कुठे गेले?' असा प्रश्न पडतो. म्हणून वजन दोनदा करावं: माल आला तेव्हा आणि तयार झाला तेव्हा. मिरचीचं पीक, ओलावा, देठ यांप्रमाणे घट बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा चालत नाही. या भावात मग गॅस, कांडप, पाकीट, लेबल, वाहतूक आणि दुकानदाराचं कमिशन मिळवायचं. स्वतःच्या तासांची मजुरीही धरायची. घरच्या बाईच्या श्रमाला शून्य किंमत लावून काढलेला भाव खोटा असतो, आणि मदतीला पहिली कामगार ठेवताच तो कोसळतो.

दुसरी गोष्ट बॅच नंबर, आणि सगळ्यात जास्त जीव तिच्यात ओतावा. प्रत्येक घाण्याला एक नंबर द्यायचा. १२ एप्रिलचा कांदा-लसूण मसाल्याचा पहिला घाणा असेल तर 'कांल-१२०४-१' एवढं पुरे. वहीत त्या नंबरापुढे कुठली मिरची, कुठल्या दुकानचं खोबरं, कोणत्या तारखेचं बिल, किती पाकिटं निघाली आणि ती कुणाकडे गेली, हे त्याच दिवशी लिहायचं. प्रत्येक घाण्याचं एक पाकीट नमुना म्हणून मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवायचं. या मसाल्यात खवट होण्याचा धोका सुक्या खोबऱ्याला मोठा. एखाद्या गिऱ्हाईकाचा 'वास येतोय' असा फोन आला की नंबर विचारायचा आणि नमुना उघडून बघायचा. तोही खवट निघाला, तर तेच खोबरं आणखी कोणत्या घाण्यात पडलंय ते वहीवरून पाहून तेवढीच पाकिटं परत मागवायची. नमुना ताजा असेल, तर ते पाकीट कुठे आणि कसं ठेवलं होतं याची चौकशी करायची. वही नसेल तर सगळाच माल संशयात येतो.

फळीवर नवा माल मागे, जुना पुढे ठेवला म्हणजे झालं.

नोंदण्यांना उगाच घाबरू नये. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी हवीच, तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यामुळे तिच्यासाठी फी मागणाऱ्यांपासून सावध राहावं. जीएसटीचं थोडं जपून पाहावं. फक्त माल विकत असाल, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातच होत असेल, तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नसते. नागपूरला पाकिटं पाठवायला हरकत नाही, पण इंदूरची ऑर्डर घेण्याआधी करसल्लागाराला विचारावं.

पैशांसाठी बँकेत वेगळं खातं उघडावं आणि क्यूआर कोडही त्याच खात्याचा लावावा. किराणा, शाळेची फी त्यातून भरायची नाही, त्याऐवजी दरमहा स्वतःचा ठरावीक पगार घरखात्यात वळवायचा. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तेव्हा त्यांना मदत करणाऱ्या छगनलाल पारेखांनी नीट हिशेब ठेवण्याचा आग्रह अगदी आरंभीच धरला होता. उद्योग चार पाकिटांएवढा असताना धरलेला हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

राहिली उधारी. दुकानात जांगड ठेवलेला माल विक्रीत धरू नये. विकला जाईपर्यंत तो आपलाच साठा असतो, त्याला वहीत वेगळं पान ठेवावं. पक्क्या विक्रीचं बिल लगेच करावं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, खरेदीदाराने द्यायचे असतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानदारावर कुणी हे कलम उगारत नाही, पण मोठ्या खरेदीदाराकडे रक्कम अडकली की त्याचाच आधार असतो. त्यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी. म्हणून पहिलं बिलबुक छापतानाच उद्यम क्रमांक, देय तारीख आणि बॅच नंबर या तिन्हींसाठी जागा करून घ्यावी.