तळघरातील सम्प पंपाच्या निचरा नळाचा मार्ग : तत्त्वे आणि नियोजन

प्रस्तावना :
शहरांतील जागेच्या टंचाईमुळे महाविद्यालये, रुग्णालये व निवासी संकुले यांच्या इमारतींना तळघर असणे आता सामान्य झाले आहे. तळघरात झिरपणारे पाणी सम्पच्या खड्ड्यात गोळा करून पंपाने बाहेर टाकणे हा त्यावरील रूढ उपाय होय. मात्र खरेदीच्या वेळी विचार होतो तो पंपाच्या अश्वशक्तीचा. पाणी बाहेर नेणारा नळ दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या नळाच्या मार्गाचे विवेचन केले आहे.

१. नळाची उंची :
मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्यांची रचना ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून झाली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा वेळी रस्ताच जलाशय बनतो. नळाचे तोंड त्या पाण्यात बुडाले आणि वीज जाऊन पंप थांबला, तर बाहेरचे पाणी त्याच नळातून तळघरात परत येऊ शकते. म्हणून नळ प्रथम संभाव्य पूरपातळीच्या वर न्यावा व नंतर बाहेर खाली वळवावा. सर्वांत उंच ठिकाणी वर उघडी हवानळी ठेवल्यास वक्रनलिकेची क्रियाही खंडित होते.

२. एकमार्गी झडप :
पंप थांबताच उभ्या नळातील पाणी खाली येते. ५० मिलिमीटर अंतर्गत व्यासाच्या ५ मीटर उभ्या नळात सुमारे १० लिटर पाणी असते. ते खड्ड्यात परतल्यास पंप वारंवार सुरू होऊन मोटरचे आयुष्य घटते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हे टाळतो. तो पंपाजवळ, परंतु हात पोहोचेल अशा जागी बसवावा. कचरा अडकल्यास झडप पूर्ण मिटत नाही. त्यामुळे ती नळाच्या उंचीला पर्याय ठरत नाही.

३. व्यास व वळणे :
प्रवाह तोच ठेवून नळाचा व्यास निम्मा केल्यास घर्षणामुळे होणारी दाबहानी सुमारे ३२ पट वाढते. यास्तव नळ पंपाच्या निर्गममुखापेक्षा अरुंद नसावा आणि एल्बो कमीत कमी असावेत. पंपाची निवड करताना उभी उंची व घर्षणहानी यांची बेरीज विचारात घ्यावी.

४. पाण्याचे अंतिम स्थान :
भिंतीतून नळ नेताना भोवती मोठ्या व्यासाचा तुकडा बसवून मधली फट जलरोधक द्रव्याने बंद करावी. भिंतीच्या पायथ्याशी सोडलेले पाणी मातीतून झिरपून पुन्हा खड्ड्यातच येते व पंप तेच पाणी उपसत राहतो. म्हणून ते पायापासून दूर, स्थानिक संस्थेच्या परवानगीने पर्जन्यजल वाहिनीत सोडावे. मलनिःसारण वाहिनीस जोडल्यास तिच्यावरील भार वाढतो.

निष्कर्ष :
पंपाची उपयुक्तता त्याच्या शक्तीइतकीच नळाच्या मार्गावर अवलंबून असते. पावसाळ्यापूर्वी खड्ड्यात पाणी ओतून, पंप चालवून व थांबवून, नळाची दोन्ही टोके तपासावीत. तथापि ही व्यवस्था झिरपणाऱ्या पाण्यासाठी आहे, लोंढ्यासाठी नव्हे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतील ओल्ड राजिंदर नगर येथे तळघरातील अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. अशा लोंढ्यापुढे कोणताही सम्प पंप अपुराच ठरतो. त्यामुळे पंप आहे या विश्वासावर तळघरात वाचनकक्ष किंवा वर्ग भरविणे समर्थनीय ठरत नाही.