बाबा होणार आहात? मुलाला बाहेर फिरवण्याची तयारी आत्ताच सुरू करा

मूल झालं की त्याला घेऊन किल्ला चढायचा, नदीवर जायचं, रानात फिरायचं, असं पत्नीच्या तपासणीला सोबत येणारे बरेच होणारे बाबा उत्साहानं सांगतात. यातल्या काहींचा सगळा दिवस दुकानात किंवा कॉम्प्युटरसमोर जातो आणि कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंतही गाडीच लागते. इच्छा उत्तमच आहे. पण वर्षानुवर्षं बसलेलं शरीर एका सुट्टीत किल्ला चढायला तयार होत नाही.

वेळ मात्र हाताशी आहे. बहुतेक मुलं वर्षाच्या आसपास चालू लागतात, काही सव्वा-दीड वर्षानं. तोपर्यंतचा काळ तुमच्या तयारीचा.

आधी रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासून घ्या. दोन्ही वाढलेले असले तरी सहसा काहीच जाणवत नाही, म्हणून "मला काही त्रास नाही" यावर विसंबू नका. पोटाचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा तुम्ही तंबाखू, मावा, सिगारेट घेत असाल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. (सिगारेट तर बाळ येण्याआधीच सोडा, धूर बाळाच्या फुप्फुसात जातो.)

मग चालायला लागा. सुरुवातीला रोज दहा मिनिटं पुरे. दर आठवड्याला थोडी वाढवत अर्ध्या तासावर या. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग योग्य. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं असा व्यायाम सुचवते. सोबत आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, जिने चढणं करा. पायांत ताकद हवी, कारण जन्मावेळी तीन किलोचं बाळ वर्षभरात नऊ-दहा किलोचं होतं आणि चालून दमलं की बाबांच्याच कडेवर येतं. त्याला उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका.

आपल्या मंद्रूप भागात खरा प्रश्न उन्हाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच चाला. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. तान्ह्या बाळाला तर दुपारी बाहेर नेऊच नका. सहा महिन्यांपर्यंत त्याला वरचं पाणीही द्यायचं नाही, आईचं दूध पुरतं. उन्हाळ्यात ते जास्त वेळा पाजावं.

पहिल्या सहली जवळच्या ठेवा. भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल आपल्याच तालुक्यात आहे. तिथल्या मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. मूल तो वाचणार नाही, दगड गोळा करेल, करू द्या. फक्त पाण्याजवळ त्याचा हात सोडू नका. नळदुर्ग नंतर, तेही पावसाळा संपल्यावर. ओल्या दगडी पायऱ्यांवर पाय घसरतो.

चालताना छातीत दडपण आलं, दुखणं हात किंवा जबड्याकडे गेलं, दरदरून घाम फुटला किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा. "ॲसिडिटी असेल" म्हणून सोड्यावर भागवू नका. १०८ ला फोन करा आणि स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.