मुलांची रंगभूषा
शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाला मारुती करावयाचा असला, की नवशिक्याचा हात सहजच शेंदराकडे वळतो. तो तेथेच आवरावयास हवा. अस्सल शेंदूर शिशापासून होतो, आणि पोटात गेलेले शिसे मोठ्यांपेक्षा मुलांच्या शरीरात चार-पाच पट अधिक शोषले जाऊन त्यांच्या बुद्धीच्या वाढीस अपाय करते. हिंगुळात पारा असतो. चित्रकलेचे रंग कागदासाठी असतात. म्हणून त्वचेसाठीच बनविलेले, पाण्यात कालवावयाचे रंग घ्यावेत आणि आदल्या दिवशी मनगटावर ठिपका लावून पाहावा. खाज किंवा लाली आल्यास तो रंग वर्ज्य समजावा.

प्रथम पिळलेल्या ओलसर स्पंजाने पातळ थर द्यावा. तो वाळल्यावर बारीक कुंचल्याने रेषा काढाव्यात. करंगळी मुलाच्या हनुवटीवर टेकविली म्हणजे हात स्थिर राहतो. डोळ्यांच्या कडा मोकळ्या सोडाव्यात. ओठांवरचा रंग मूल चाटते, म्हणून तेही टाळावेत. मूल फार वेळ स्वस्थ बसत नाही, तेव्हा ज्यावरून मारुती ओळखू येतो ते तोंडाभोवतीचे वर्तुळ आधी रंगवावे. प्रयोग संपताच सारा रंग साबणपाण्याने हळुवार धुऊन काढावा.