नौकेवरील मार्जार व अमरावतीची मांजरगणती

वऱ्हाडास समुद्र नाहीं आणि पूर्णा ही कांहीं गलबतांची नदी नव्हे. तेव्हां नौकेवरील मांजराचा विषय येथें कशास, अशी पृच्छा वाचक करतील. परंतु वऱ्हाडचा माल एके काळीं नौकेनें जात असे. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचण्यापूर्वीं अमरावतीच्या बाजारांतील कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापुरास व तेथून गंगेंतील नावांनीं कलकत्त्यास रवाना होई. १८४२ सालीं एकाच व्यापाऱ्यानें एक लक्ष बैलांचीं ओझीं कलकत्त्याकडे धाडिलीं, अशी वदंता गॅझेटियरांत नमूद आहे. असा माल नावाड्याच्या हवालीं केल्यावर तो उंदरांनीं कुरतडला, तर भरपाई कोणीं करावी?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत या प्रकारचा निर्णय आहे. नावाड्यांच्या दोषानें नावेंतील वस्तूचा नाश झाल्यास सर्व नावाड्यांनीं मिळून ती भरून द्यावी. दैविक आपत्तींत मात्र दंड नाहीं. उंदीर हा दोष कीं दैव, हा प्रश्न तेथें उरतोच. त्याचें उत्तर भूमध्यसमुद्रावरील एका जुन्या नियमसंग्रहांत सांपडतें. बार्सिलोना येथें चौदाव्या शतकांत ग्रथित झालेल्या या संग्रहाचा आशय असा कीं, जहाजावर मांजर नसतां उंदरांनीं माल नासला तर जहाजाच्या धन्यानें नुकसान भरावें. मांजर होतें पण वाटेंत मेलें, आणि जेथें मिळेल त्या पहिल्याच बंदरीं धन्यानें दुसरें घेतलें, तर त्याजकडे दोष नाहीं. म्हणजे मांजर हा सावधपणाचा साक्षीदार ठरला. आमच्या मतें दोष व दैव यांच्यामधील सीमारेषा इतक्या नेटकेपणानें क्वचितच आंखली गेली असेल.

हा उपाय जहाजावर कां साधे, हेंही पाहिलें पाहिजे. भर समुद्रांत नवा उंदीर येत नाहीं. बंदरीं दोरांवरून चढतील तेवढेच. म्हणूनच नांगरलेल्या जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या चकत्या बसवितात. प्रवेश बंद असला कीं एका मांजराचें काम आटोक्यांत राहतें. ब्रिटिश आरमारानें तर १९७५ पर्यंत मांजरें बाळगूं दिलीं.

हस्तलिखितांच्या शोधकांस एक गोष्ट विशेष रुचेल. मॅथ्यू फ्लिंडर्स या नाविकाचें ‘ट्रिम’ नांवाचें मांजर १७९९ सालीं जहाजावरच जन्मलें व त्याच्यासह ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा करून आलें. पुढें फ्लिंडर्स मॉरिशस बेटांत फ्रेंचांच्या अटकेंत पडला आणि मांजर तेथेंच नाहींसें झालें. १८०९ सालीं त्यानें त्याचें चरित्र लिहिलें. तें हस्तलिखित दीडशें वर्षांहून अधिक काळ अप्रसिद्ध पडून होतें! तें उंदरांच्या तावडींतून सुटलें, हें त्या मांजराचेंच पुण्य म्हणावयाचें.

आतां अमरावतीकडे वळूं. प्लेगच्या दिवसांत तेथील वैद्यकीय अधिकारी लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनीं गांवोगांवच्या घरांत मांजरें किती, याची मोजणी केली, आणि मांजरें विपुल असलेलीं गांवें प्लेगपासून बहुतांशीं मुक्त राहिलीं असें प्रतिपादिलें. १९०८ सालीं त्यांचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाला. मोजणीचा हा उद्योग आम्हांस स्तुत्य वाटतो. अनुमान मात्र जपून घ्यावें. प्लेग उंदरांवरील पिसवांनीं पसरतो, आणि मांजरासही तो होतो. शिवाय गांव म्हणजे जहाज नव्हे. धाब्याच्या घराला, पेवाला व कडब्याच्या गंजीला दहा वाटा असतात.

हेंच आमच्या संग्राहकांस लागू आहे. कारंज्याच्या जैन भांडारांतील ग्रंथ रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींत नोंदले गेले, परंतु घरोघरच्या माळ्यांवरील रुमालांस कोणी वाली नाहीं. कागदाची खळ उंदरास प्रिय असते. तो पोथी कडेनें खातो. पत्रांक समासांत असतात, ते प्रथम जातात व क्रम मोडतो. पुष्पिका शेवटच्या पत्रावर, म्हणजे गठ्ठ्याच्या अगदीं बाहेर. ती गेली कीं शक, लेखक व स्थळ तिन्ही गेलीं. यासाठीं प्रथम बिळें चुन्यानें बुजवावीं, फळी भिंतीपासून दूर ठेवावी, आणि मग मांजर पाळावें. तेंही ओसरीवर, पोथ्यांच्या खोलींत नव्हे, कारण त्याच्या मूत्राचा डाग कागदावरून सहसा जात नाहीं.

सूची करणारांस एक विनंति आहे. खंडित पोथीपुढें नुसतें ‘त्रुटित’ न लिहितां ‘मूषकदष्ट’ कीं ‘कीटकदष्ट’ हें नमूद करावें. कीटक पत्रांच्या मध्यास भोंकें पाडतो, उंदीर कडा नेतो. कोणता भाग गेला व तो दुसऱ्या प्रतीवरून कोठें शोधावयाचा, हें तेवढ्या एका शब्दावरून पुढील अभ्यासकास कळतें.